घर केवढं होणार हे ठरवतं कोण? टेप लावून बघू

मी बिल्डिंग लाइनमध्ये आहे, साइटवरच दिवस जातो, आणि सँपल फ्लॅट बघायला आलेल्या फॅमिलीत एक तरी काका असे असतातच जे हात मागे बांधून हॉलच्या मधोमध उभे राहतात आणि म्हणतात, "आमच्या गावाकडच्या घराचं नुसतं माजघर एवढं होतं." मुलगा बाजूला मोबाइलवर ईएमआय काढत असतो, सूनबाई वॉशिंग मशीन कुठे बसेल ते बघत असते, आणि मी आपला "हो ना काका" म्हणून पुढच्या खोलीकडे नेतो.

बरीच वर्षं मलाही ते खरंच वाटायचं. मग एकदा मराठवाड्यात आजोळी गेलो होतो, टेप गाडीतच होता, म्हटलं बघू तरी. भावकीतलं एक जुनं माळवदाचं घर अजून उभं आहे तिथे, त्याचं माजघर मोजलं. लांबी २२ फूट. आणि रुंदी? ९ फूट २ इंच! माझ्या सँपल फ्लॅटचा हॉल १० फूट रुंद आहे, म्हणजे रुंदीत जुनं घर हरलं, आणि तरी ते घर मोठं होतं यात वादच नाही, पाच-सहा खोल्या, ओसरी, मागे गोठा, पुढे अंगण. घर मोठं पण खोल्या चिंचोळ्या, असं का? यातच सगळी गोष्ट आहे, कारण तेव्हा जागेला तोटा नव्हता, तोटा होता तो लांब आणि सरळ लाकडाचा. आणि आज बरोबर उलटं आहे, लोखंड-सिमेंट हवं तेवढं मिळतं, जागा मिळत नाही.

आधी लाकडाचं बघू. जुन्या लोकांना विचारा घर केवढं होतं, ते चौरस फुटात सांगत नाहीत, खणात सांगतात. पुण्यात वाड्यात भाड्याने राहणारी माणसंसुद्धा "दोन खणांची जागा आहे" असंच म्हणायची. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. दगडाचा तळखडा, त्यावर खांब, खांबांवर तुळई, तुळयांवर कड्या आणि वर पाट टाकून कडीपाट, आणि माळवद असेल तर त्यावर चांगला फूट-दीड फूट मातीचा थर. आजोळचा तो खण मोजला तर साडेपाच फूट भरला, आणि चार खण म्हणजे बरोबर बावीस. म्हणजे माजघराची लांबी कोणी ठरवली नव्हती, ती चार वेळा साडेपाच होती एवढंच.

आता साडेपाचच का, दहा का नाही? घरात पुस्तकांचं फळीचं कपाट असेल तर बघा, दोन फुटाची फळी पुस्तकं भरली तरी सरळ राहते, आणि तीच फळी चार फुटाची घेतली, तशीच गच्च भरली, की दोन वर्षांत पोट काढते. लांबी दुप्पट झाली म्हणून वाक दुप्पट होत नाही, हिशोबाने तो सोळा पट होतो. तुळईचंही तेच, आणि तुळईवर पुस्तकं नाहीत, टनांनी माती आहे. लांब तुळई पाहिजे तर ती जाडही पाहिजे, जाड सागवान म्हणजे पैसा, आणि पैसा असला तरी ते बैलगाडीतून वळणावळणाने घरापर्यंत आणायचं कसं हा प्रश्न आहेच. म्हणून खोली रुंद करायची नाही, खण वाढवत जायचं. श्रीमंताचं घर म्हणजे जास्त खणांचं घर, मोठ्या खणांचं नव्हे (सरदारांचे वाडे वगैरे सोडा, तिथे अख्खं झाड तुळई म्हणून टाकलेलं दिसतं).

कोकणात हाच प्रकार छपराने केलाय. तिथे पाऊस एवढा की छप्पर उतरतं पाहिजेच, आणि उतरत्या छपराचं एक गणित असतं, घर जेवढं रुंद तेवढं आढं (छपराचा वरचा कणा) उंच. तीस अंशाचा उतार धरला तर मधल्या आढ्यापासून दहा फूट बाहेर गेलं की छप्पर जवळपास पावणेसहा फूट खाली येतं. म्हणजे एक तर मधला भाग देवळाएवढा उंच करा नाहीतर कडेला डोकं टेकेल एवढं बुटकं चालवून घ्या. कोकणातल्या माणसाने दुसरं निवडलं आणि त्याला पडवी नाव दिलं. छपराचाच उतार पुढे खेचलेला, म्हणून पडवीत शिरताना वाकावं लागतं, आणि मुंबईहून गणपतीला आलेला प्रत्येक जावई पहिल्या दिवशी तिथे कपाळ आपटतो.

भिंतींचं तर कोणी बोलतच नाही, आणि खरी जागा भिंती खातात. एक साधं घर धरा, बाहेरून २० बाय ३०, म्हणजे ६०० चौरस फूट. देशावर किंवा मराठवाड्यात दगड-मातीची भिंत दोन फूट असणं अगदी नेहमीचं, कुठे कुठे त्याहून जाड. दोन्हीकडून दोन-दोन फूट गेले की आत उरतं १६ बाय २६, म्हणजे ४१६. एकशे चौऱ्याऐंशी फूट नुसत्या बाहेरच्या भिंतींत गेले, आजच्या भावात त्यात एक बेडरूम निघते! तीच भिंत नऊ इंची विटेची केली तर आत ५२७ मिळतात आणि सहा इंची केली तर ५५१. प्लॉट तोच, बाहेरून घर तेच, फक्त भिंत बदलली. पण त्या काळी हे कोणाला टोचलं नाही कारण जागा कमी पडली तर मागे सरकायला परडं होतं, आणि जाड भिंतीने वैशाखात घर गार राहायचं, जे आमच्या सहा इंची भिंतीला जमत नाही, मग तिथे एसी लावायचा.

अर्थात गावात जागा म्हणजे भरपूर जागा असंही नाही बरं का. शेतजमीन वीस एकर असेल पण घर बांधायचं ते गावठाणात, बाहेर बांधायचं म्हटलं की परवानग्यांची भानगड. गावठाणाची हद्द कधीच्या काळी आखलेली, आणि आतली माणसं वाढलेली. त्यात वाटणी. तीन भाऊ वेगळे झाले की प्रत्येकाला रस्त्याचं तोंड पाहिजे, कोणीच मागची बाजू घेत नाही, त्यामुळे चोवीस फुटी घराचे आठ-आठ फुटाचे तीन पट्टे होतात, लांबी मात्र साठ फूट. आगगाडीचा डबा. मधल्या भावाला दोन्ही बाजूंना सामायिक भिंत, खिडकी काढायची तर फक्त पुढे आणि मागे, म्हणून मधल्या खोलीत दुपारी बारालासुद्धा लाइट लावावा लागतो. अशा तीन-चार घरांचं आरसीसीत बांधकाम मी केलंय आणि प्रत्येक वेळी जिना कुठे घालायचा यावर आठवडा गेलाय, कारण आठ फुटात तीन फूट जिना गेला की उरतं काय.

आता मुंबई. सात बेटं जोडून, समुद्र बुजवून झालेलं शहर, तीन बाजूंना पाणी आणि वर डोक्यावर राष्ट्रीय उद्यान, वाढायला एकच दिशा, उत्तर. गिरण्या आल्या, माणसं आली, १८९६ ला प्लेग आला, मग १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, पुढे १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या बीडीडी चाळी. बीडीडीची खोली १६० चौरस फूट. त्यात मोरी, त्यात स्वयंपाक, त्यात कधी कधी दहा माणसं, निम्मी पाळीवर म्हणून निम्मी झोपलेली. माझे एक काका अशाच चाळीत राहायचे, त्यांच्याकडे पाहुणा आला की घरातला एक पुरुष आपोआप वळकटी उचलून गॅलरीत झोपायला जायचा, कोणी सांगावं लागायचं नाही.

मजा म्हणजे बीडीडीच्या इमारती त्या काळात आरसीसीत बांधलेल्या, म्हणजे खोली मोठी करणं इंजिनिअरिंगने शक्य होतं. खाजगी चाळी बघितल्या तर बऱ्याच सागवानी सांगाड्याच्या, तिथे दहा बाय दहा, दहा बाय बारा ही मापं लाकडाला झेपणारी होती. बीडीडीत मात्र माप ठरवलं ते कामगार किती भाडं देऊ शकेल आणि एका मजल्यावर किती खोल्या बसतील यावरून. मला वाटतं आपल्याकडे घराच्या मापाचा कासरा सुताराच्या हातातून हिशोबनिसाच्या हातात गेला तो इथे कुठेतरी.

आणि मग भाडं गोठलं. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली, भाडेकरू वाचले पण नवीन चाळ बांधायची मालकाला काही गरजच उरली नाही. कुटुंबं वाढत गेली, खोल्या तेवढ्याच, मग पोटमाळे चढले. जमिनीवर जागा नाही तर डोक्यावर.

एफएसआय या शब्दाला लोक फार घाबरतात पण ते सोपं आहे. दहा हजार फुटाचा प्लॉट आणि एफएसआय १, तर सगळे मजले मिळून दहा हजार फूट बांधायचं, मग एक मजला पसरून बांधा नाहीतर चार मजले अडीच-अडीच हजाराचे बांधा. मुंबईत हे १९६४ च्या सुमारास आलं आणि १९९१ च्या नियमांत शहरात १.३३ आणि उपनगरात १ असा मूळ आकडा होता. आता वर टीडीआर, फंजिबल, प्रीमियम असे जादा बांधकाम मिळवायचे इतके थर चढलेत की मूळ आकडा कोणाला आठवतही नाही.

याचा खोलीच्या मापाशी संबंध कसा? समजा तो प्लॉट २० कोटीला घेतला. एफएसआय १ असेल तर प्रत्येक बांधलेल्या फुटावर नुसत्या जमिनीचे वीस हजार बसले, विटा-सिमेंट अजून आलंच नाही. एफएसआय ४ असेल तर पाच हजार. म्हणून लोक म्हणतात एफएसआय वाढवा, घरं स्वस्त होतील, मोठी होतील. होतील का? थोडीफार, पण जमीनमालकही पेपर वाचतो ना. एफएसआय वाढला की त्याच्या वीस कोटीचे चाळीस कोटी होतात आणि फायद्याचा मोठा वाटा तोच घेऊन जातो.

गिऱ्हाइकाच्या बाजूने हिशोब अजून साधा आहे. बँक म्हणते तुमच्या पगारावर ६० लाखाचं घर झेपेल. रेट ८ हजार असेल तर ७५० फूट, रेट १२ हजार झाला तर ५००. पगार वाढला नाही, म्हणून घर लहान झालं. बिल्डर आधी रक्कम ठरवतो आणि मग फूट काढतो, "या एरियात पन्नास ते साठमध्ये टूबीएचके विकला जातो" हे मीटिंगमध्ये पहिलं वाक्य असतं, आर्किटेक्टने पेन्सिल उघडायच्या आधी. मग त्या फुटांत दोन बेडरूम कोंबायच्या. कोंबायला खालची मर्यादा कायद्याची, बिल्डिंग कोडप्रमाणे दोन खोल्या असतील तर एक कमीत कमी साडेनऊ चौरस मीटर आणि दुसरी साडेसात, स्वयंपाकघर पाच चौरस मीटर, उंची पावणेतीन मीटर. हे किमान होतं, याच्या खाली माणसाने राहू नये असं सांगायला लिहिलेलं, आणि आमच्या लाइनने ते कमालच करून टाकलं! पावणेतीन मीटर म्हणजे नऊ फूट, आता मोजा तुमच्या घराची उंची.

बांधायची पद्धत इथे परत डोकं वर काढते. नेहमीच्या आरसीसीत खांब दहा ते पंधरा फुटावर स्वस्त पडतात, त्याच्या पुढे गेलं की बीम खोल होतो आणि बीम खोल झाला की वर उंची जाते. ढोबळ हिशोब असा की बारा फुटाच्या गाळ्याला फूटभर बीम. पण खांब कुठे येणार हे तुमच्या बेडरूमवरून ठरत नाही, ते खालच्या पार्किंगवरून ठरतं. एका गाडीला अडीच मीटर रुंदी, दोन गाड्या मावल्या की खांब, आणि तोच खांब सरळ वर चढत चढत अकराव्या मजल्यावर तुमच्या कपाटाच्या जागेत उगवतो. लोक विचारतात हा खांब इथे का दिला, मी काय सांगू, खाली शेजाऱ्याची गाडी उभी आहे म्हणून.

मग आलं मायव्हान. ॲल्युमिनियमचे साचे जोडायचे, भिंती आणि स्लॅब एकाच वेळी काँक्रीटने भरायचं, आठ-दहा दिवसांत मजला तयार. भिंत काही ठिकाणी चार इंच, काही ठिकाणी सहा, त्यामुळे कार्पेट (म्हणजे आतली वापरायची जागा) थोडा वाढतो, खांब बाहेर डोकावत नाही, हे फायदे खरेच आहेत. पण तो साचा इतका महाग की परत परत वापरला तरच परवडतो, म्हणून चौथा मजला आणि चोविसावा मजला तंतोतंत सारखे. आणि भिंतच भार घेते त्यामुळे ती फोडता येत नाही. जुन्या आरसीसी बिल्डिंगमध्ये किंवा सिपोरेक्सच्या (हलक्या ब्लॉकच्या) भिंती असल्या तर पोरगा वेगळ्या शहरात गेला की मधली भिंत काढून हॉल मोठा करायचे लोक. मायव्हानमध्ये विचारूच नका, तिथे फोटो लावायला खिळा जात नाही, ड्रिल मशीन रडायला लागते. म्हणजे खणाच्या घरात पार्टिशन हलवता यायचं, खांब हलायचा नाही, आणि आता काहीच हलत नाही.

उंच गेलं की जागा वाढते हाही अर्धाच हिशोब आहे. दोन जिने, तीन-चार लिफ्ट, फायरची लिफ्ट, डक्ट, २४ मीटरच्या वर गेलं की ठरावीक मजल्यांवर आग लागली तर थांबायला रिकामी जागा, हे सगळं प्रत्येक फ्लॅटच्या वाट्याला येतं. पूर्वी हेच सुपर बिल्टअप म्हणून तुमच्या माथी मारायचे, हजार फूट सांगून आत साडेसहाशे. रेरा कायदा आल्यापासून कार्पेटवर विकावं लागतं. बरं, कार्पेटमध्ये घराच्या आतल्या पार्टिशनच्या भिंती धरतात, हे माहीत असू द्या, त्यामुळे टेप लावून आलेली बेरीज कागदापेक्षा थोडी कमी भरली तर लगेच भांडायला जाऊ नका.

सरकार फुकट घर देतं तेव्हाही माप कुठूनतरी येतंच. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात आधी २२५ फूट, मग २६९, आता ३००. बीडीडीवाल्यांना पुनर्विकासात १६० च्या बदल्यात ५००, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीत पहिल्या किल्ल्या मिळाल्या. पाचशे का, तर मोक्याच्या जमिनीवर विकायला बांधलेल्या टॉवरमधून तेवढा खर्च निघतो म्हणून. हीच चाळ आडगावात असती तर कोणी फिरकलं नसतं.

पण जमीन आणि घराचं माप असं एका ओळीत बांधलेलं मी बघितलं ते आमच्याकडेच. ३० सप्टेंबर १९९३, मराठवाड्यातल्या किल्लारीचा भूकंप, पहाटेची वेळ. जवळपास आठ हजार माणसं गेली. त्या जाड भिंतीच लोकांवर पडल्या. भिंत दोन फुटी असली तरी ती एकसंध नव्हती, आतून एक दगडांचा थर, बाहेरून एक, मध्ये माती आणि कपच्या, दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड नाहीच. हादरा बसला आणि दोन्ही थर दोन बाजूंना उलटले. आणि डोक्यावर ती टनांची माती. बऱ्याच ठिकाणी मात्र सकाळी लोकांनी बघितलं तर भिंती ढासळलेल्या आणि लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा तसाच उभा.

त्यानंतर गावंच्या गावं उठवून नवीन जागी वसवली, आणि घराचं माप ठरलं ते शेतजमिनीवरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४५०, त्याच्या वर ७५०. घरात माणसं किती हे त्यात नाही. यावर लोक अजून बोलतात, भूमिहीनाच्या घरात नऊ माणसं आणि मोठ्या शेतकऱ्याच्या घरात तीन असं होतंच की. नियमाच्या बाजूने सांगायचं तर जमीन जास्त असलेल्याला बी-बियाणं, अवजारं, धान्य ठेवायला जागा लागते, तेही खरं. नवीन गावं मात्र रुंद रस्त्यांची, सरळ रांगांची, प्लॉट मोकळे, आणि मधोमध ती छोटी काँक्रीटची खोकी. पहिली काही वर्षं लोक घरात झोपायचेच नाहीत, समोर पत्र्याच्या शेडमध्ये झोपायचे, काँक्रीटच्या स्लॅबवरही विश्वास नव्हता.

आमच्या मामाचं घर त्यातलं, २५० वालं. आता त्याला एका बाजूने पत्रा वाढवलाय, मागे न्हाणी काढलीय, आणि पुढे ओसरी. ओसरीचे खांब सागवानी आहेत, काळे पडलेले, एकाला वर तुळईची खाच तशीच दिसते. पडलेल्या घरातून बैलगाडीने आणले होते म्हणे, बरीच वर्षं नुसते पडून होते. मामाला विचारलं यांच्यात अंतर किती ठेवलंय, तर म्हणाला, अंतर काय ठेवायचं, वरची लाकडं जेवढी लांब होती तेवढं ठेवलं. टेप लावला. साडेपाच.